खाडा कुणाच्या खिशातून?

महिन्याच्या सात-आठ तारखेला, दुपारची गर्दी ओसरली की मध्यम हॉटेलांत गल्ल्याच्या खणातून एक लांबट वही बाहेर निघते. डावीकडे नावं असतात: आचारी, त्याच्या हाताखालचा, दोन वेटर, टेबल पुसणारा, भांडीवाली मावशी. पुढे तारखांचे एकतीस रकाने. आला तिथे बरोबरची खूण, नाही आला तिथे फुली. शेवटी हिशेब सरळ असतो. ठरलेला पगार, वजा उचल, वजा खाडे, उरेल ती रक्कम हातावर. गावी आजी वारली म्हणून चार दिवस गेलेला आणि तापाने दोन दिवस पडून राहिलेला, दोघांच्या फुल्या सारख्याच. या वहीत रजेचा रकाना नसतो. दर वेळी मालक दुष्ट असतो म्हणून नव्हे. असा रकाना असू शकतो हेच पुष्कळ मालकांना आणि त्याहून जास्त कामगारांना ठाऊक नसतं.

हॉटेल, सलून, किराणा, शिलाई, गॅरेज, घरकाम, ऊसतोड अशा कमी पगाराच्या कामांत कायद्याला तीन गोष्टींशी मतलब आहे. कामावरच्या माणसाचं वय किती, त्याचा रोज किती आणि भरपगारी रजा किती. पहिल्या दोन बाबतींत गेल्या दीडशे वर्षांत कायदा बराच पुढे आला. निदान कागदावर तरी आज तो सगळ्यांना सारखा लागू आहे. रजेचं मात्र तसं नाही. तुमच्या मालकाकडे किती माणसं कामाला आहेत, यावर तुमची रजा ठरते. आपल्या कामगार कायद्यातली सर्वांत मोठी फट मला इथेच दिसते, आणि तिच्याविषयी फार कमी बोललं जातं.

माणसं मोजून हक्क देण्याची ही पद्धत जुनी आहे. १८७८ साली मुंबईत सोराबजी शापूरजी बंगाली यांनी गिरण्यांतल्या बायकामुलांच्या कामाचे तास बांधून देणारा मसुदा पुढे आणला. तो मंजूर झाला नाही. तिकडे लँकेशायरच्या गिरणीमालकांना मुंबईच्या स्वस्त कापडाची स्पर्धा सलत होती, त्यामुळे त्यांचाही रेटा होताच. अशा सरमिसळ कारणांतून १८८१ साली हिंदुस्थानातला पहिला फॅक्टरी कायदा झाला. त्याने सात वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला बंदी केली. म्हणजे सातव्या वर्षी मूल गिरणीत जाऊ शकत होतं. सात ते बारा वयाच्या मुलांना दिवसाला नऊ तास काम, मध्ये तासाभराची विश्रांती आणि महिन्याला चार सुट्ट्या एवढंच संरक्षण होतं. तेही शंभर किंवा अधिक माणसं असलेल्या, यंत्रावर चालणाऱ्या कारखान्यांपुरतं. सुट्टीच्या बाबतीत मोठ्या माणसांना या कायद्याने काहीच दिलं नाही.

ती उणीव भरून काढायला उभे राहिले ते नारायण मेघाजी लोखंडे. सत्यशोधक, ‘दीनबंधु’चे संपादक, आणि गिरणीचं जग आतून जाणणारे. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत कामगारांच्या सभा घेतल्या आणि पाच हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला. त्यातल्या मागण्या आज वाचताना अंगावर येतात, कारण त्या फार साध्या आहेत. आठवड्यातून एक दिवस सुट्टी द्या. दुपारी अर्धा तास जेवायला सोडा. सकाळी साडेसहाला काम सुरू करून सूर्यास्ताला थांबवा. मागल्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत द्या. यंत्रात सापडून जायबंदी झालेल्याचा पगार चालू ठेवा. रविवार हा खंडोबाचा वार आहे, हेही कारण त्यांनी पुढे केल्याचं सांगतात. सहा वर्षं हा रेटा चालू राहिला. २४ एप्रिल १८९० च्या सभेला सुमारे दहा हजार कामगार जमले, दोन कामगार स्त्रियांनीही तिथे भाषणं केली, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षीच्या कायद्यात आठवड्याची सुट्टी आली, मुलांचं किमान वय नऊ झालं आणि कायदा पन्नास माणसांच्या कारखान्यांपर्यंत खाली उतरला.

पण रविवार मिळणं वेगळं आणि भातलावणीला, शिमग्याला, गणपतीला कोकणात जाऊन आल्यावरही नोकरी आणि पगार शाबूत असणं वेगळं. सलग काही दिवस घरी राहिलं तरी पगार चालू राहील ही कल्पना कायद्यात यायला आणखी पंचावन्न वर्षं गेली. १९४५ च्या दुरुस्तीने कारखान्यातल्या कामगाराला वर्षभराच्या नोकरीनंतर १० दिवसांची भरपगारी रजा मिळाली आणि बालकामगाराला १४ दिवसांची. मुलाला रजा जास्त, हे तत्त्व १९४८ च्या फॅक्टरी कायद्यातही टिकलं: प्रौढाला कामाच्या दर २० दिवसांमागे एक दिवस, लहानाला दर १५ दिवसांमागे एक. वाढत्या अंगाला विश्रांती जास्त लागते हे कायद्याने मान्य केलं होतं. केंद्राच्या नव्या संहितेतही १४ ते १८ वयाच्या किशोरांसाठी तोच १५ दिवसांचा हिशेब ठेवला आहे.

किमान वय १९२२ साली बारा झालं आणि १९४८ साली चौदा. संविधानाच्या २४ व्या अनुच्छेदाने चौदा वर्षांखालच्या मुलांना कारखाने, खाणी आणि धोक्याच्या कामांतून बाहेर काढलं. पण चहाची टपरी हा कारखाना नव्हे आणि घरकाम हा धोका नव्हे, अशी समजूत पुढची कित्येक दशकं चालली. १९८६ चा बालकामगार कायदासुद्धा ठरावीक धंद्यांची यादी करून तेवढ्यापुरतीच बंदी घालत होता. धाबे, हॉटेलं, उपाहारगृहं, चहाच्या टपऱ्या आणि घरगुती नोकरी या ठिकाणी चौदा वर्षांखालचं मूल ठेवायला बंदी आली ती १० ऑक्टोबर २००६ पासून. म्हणजे एकविसाव्या शतकाची पाच-सहा वर्षं उलटेपर्यंत कपबश्या विसळणारा दहा वर्षांचा पोऱ्या बेकायदा नव्हता. सगळ्या कामांना सरसकट बंदी २०१६ च्या दुरुस्तीने घातली. शाळा सांभाळून घरच्या धंद्यात मदत करणं आणि बालकलाकाराचं काम एवढेच अपवाद उरले. मूल कामावर ठेवणाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षं कैद, किंवा वीस ते पन्नास हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

चौदा ते अठरा या वयोगटाकडे मात्र कुणाचंच लक्ष नसतं. या मुलांना खाणी, स्फोटकं, घातक प्रक्रिया वगळता इतर काम करता येतं, पण कसं, ते कायद्याने बारकाईने सांगितलं आहे. सलग तीन तासांवर काम नाही, त्यानंतर तासाभराची विश्रांती. विश्रांती आणि कामासाठी ताटकळण्याचा वेळ धरूनही दिवसाचे एकूण सहा तास. संध्याकाळी सात ते सकाळी आठ काम नाही. जादा काम नाही. एका जागेवर काम करून त्याच दिवशी दुसऱ्या जागेवर नाही. आठवड्याला एक पूर्ण दिवस सुट्टी, आणि तो दिवस कोणता हे दिसेल अशा ठिकाणी लिहून लावायचं.

आता हे हॉटेलच्या दिवसाला लावून पाहा. सकाळी सातला नाश्ता सुरू होतो, तेव्हा सोळा वर्षांचा मुलगा कायद्याने तिथे असायला नको. दुपारचं जेवण त्याला सांभाळता येईल. धंद्याची खरी वेळ संध्याकाळी सातनंतरची, तेव्हा त्याने घरी असायला हवं. आपण रात्री दहाला जेवायला जातो आणि ज्याच्या ओठावर नुकती मिसरूड फुटली आहे असा मुलगा पाण्याचे पेले आणून ठेवतो. तो सोळाचा असो की सतराचा, तो त्या वेळी तिथे आहे एवढ्यानेच कायदा मोडलेला असतो. बालमजुरी म्हटलं की आपल्याला आठ-दहा वर्षांचं पोर आठवतं, म्हणून हा मुलगा डोळ्यांसमोर असून दिसत नाही.

वय आणि मजुरी यांची गाठ आपल्या कायद्याने फार दिवस विचित्र ठेवली होती. १९४८ च्या किमान वेतन कायद्याने प्रौढ, किशोर, बालक आणि शिकाऊ उमेदवार यांच्यासाठी वेगवेगळे दर ठरवायची मुभा सरकारला दिली होती. एका कायद्याने ज्या वयाला काम बंद करायचं, त्याच वयाचा स्वस्त दर दुसऱ्याने ठरवू द्यायचा, असा हा मामला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत दर ठरवताना कौशल्य, भौगोलिक प्रदेश आणि कामाचा खडतरपणा हे निकष आहेत; वय त्यात नाही. शिवाय ती धंद्यांच्या यादीवर अवलंबून नाही. हे दोन्ही बदल मला मोलाचे वाटतात.

ब्रिटनमध्ये याच्या नेमकं उलट आहे. तिथे किमान वेतनाच्या वयानुसार पायऱ्या आहेत. १ एप्रिल १९९९ ला राष्ट्रीय किमान वेतन सुरू झालं तेव्हा मोठ्यांना ताशी ३.६० पौंड आणि १८ ते २१ वयाच्यांना ३ पौंड होते. सोळा-सतराच्या मुलांना तर २००४ पर्यंत किमान दरच नव्हता. एप्रिल २०२५ चे दर पाहिले तर २१ व त्यापुढे १२.२१ पौंड, १८ ते २० ला १० पौंड आणि १६-१७ ला ७.५५ पौंड. एकाच काउंटरवर तीच कॉफी देणाऱ्या दोघांच्या तासात साडेचार पौंडांहून जास्त फरक, केवळ जन्मसालामुळे. हे मला पटत नाही. पण रजेत तिथे असा भेद नाही. प्रत्येक कामगाराला वर्षाला ५.६ आठवड्यांची भरपगारी रजा, म्हणजे आठवड्याला पाच दिवस काम करणाऱ्याला २८ दिवस, आणि आठवड्याला एकच दिवस काम करणाऱ्याला ५.६ दिवस. दुकानात एक नोकर असो वा हजार. ज्यांचे तास ठरलेले नाहीत त्यांच्यासाठी हिशेब असा: जेवढे तास काम केलं त्याच्या १२.०७ टक्के तास रजा. वर्षाच्या ५२ आठवड्यांतून रजेचे ५.६ वजा केले की ४६.४ उरतात, त्यांच्याशी ५.६ चं प्रमाण काढलं की हा आकडा येतो. पुढे हा हिशेब आपल्याला लागणार आहे.

आपल्याकडे किमान वेतन कशावरून ठरवावं याचं सूत्र १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने घालून दिलं. कमावणाऱ्या एका माणसामागे खाण्याची तीन एककं धरायची, दर प्रौढाला दिवसाला २७०० उष्मांक, चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडं, आणि इंधन-दिवाबत्ती वगैरेंसाठी एकूण वेतनाचे २० टक्के. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात मुलांचं शिक्षण, औषधोपचार, सणवार यांसाठी आणखी २५ टक्के धरायला सांगितलं. १९५७ च्या सूत्रातली एक अट सहसा सांगितली जात नाही, आणि मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. बायकामुलांची कमाई हिशेबात धरायची नाही. घरातल्या एका मोठ्या माणसाच्या रोजावर पोरांची पोटं भरली पाहिजेत, म्हणजे पोर टपरीवर जाणार नाही. मजुरी आणि वय या दोन गोष्टी इथे जोडलेल्या आहेत. धाडी घालून जेवढी मुलं कामावरून सुटतात, त्याहून कितीतरी अधिक मुलं बापाचा रोज वेळेवर आणि पुरता मिळाला तर कामावर जाणारच नाहीत, असं मी मानतो.

धंद्याला परवडत नाही, ही सबब किमान वेतनाला चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच म्हटलं आहे. १९८३ मध्ये, राजस्थानातल्या दुष्काळी कामांच्या प्रकरणात, ते आणखी पुढे गेलं. किमान वेतनाहून कमी पैशांत काम करून घेणं ही संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदातली वेठबिगार ठरते, असा तो निर्णय. एवढा कडक निकाल हाताशी असताना केंद्राने राज्यांना सुचवलेली किमान पातळी मात्र जुलै २०१७ मध्ये दिवसाला १७६ रुपये होती. महिन्याच्या २६ दिवसांचे ४,५७६ रुपये. त्यात तीन एककांचं जेवणसुद्धा बसत नाही.

हा २६ चा आकडा समजून घेण्यासारखा आहे. महाराष्ट्रात किमान वेतनाचे दर महिन्याचे ठरतात: परिमंडळ पहिलं, दुसरं, तिसरं, कुशल, अर्धकुशल, अकुशल, मूळ दर आणि त्यावर दर सहा महिन्यांनी बदलणारा विशेष भत्ता. रोजंदारीचा दर काढायचा तर ही रक्कम २६ ने भागायची. महिन्यातले चार रविवार अशा रीतीने रोजाच्या दरातच मुरवलेले असतात. समजा, दर महिना १३,००० रुपये आहे. २६ ने भागलं तर रोज ५०० रुपये, आणि २६ दिवस काम केलं की पुरे १३,००० हातात. आता मालकाने ३० ने भागलं तर रोज होतो ४३३ रुपये. सहज ध्यानात येऊ नये असा फरक. पण त्याच २६ दिवसांचे हातात पडतात ११,२६६. साडेसतराशे रुपयांच्या आसपास रक्कम गेली, आणि ती नेमकी साप्ताहिक सुट्टीची होती. लोखंड्यांनी मिळवलेला रविवार एका भागाकारात बुडतो. पगाराची चिठ्ठी मागण्याचं खरं कारण हेच. वेतन संहितेनुसार ती देणं मालकावर बंधनकारक आहे. पाचपर्यंत माणसं ठेवणाऱ्या शेतमालकाला आणि घरमालकाला त्यातून सूट आहे, टपरीच्या मालकाला नाही. बुडालेल्या रकमेसाठी पूर्वी सहा महिन्यांत दावा करावा लागे, आता तीन वर्षांची मुदत आहे.

‘अजून शिकतोय’ ही सबबही इथेच निकालात काढली पाहिजे. सलूनमध्ये, शिलाईच्या दुकानात, गॅरेजात पहिलं वर्ष-दोन वर्षं मुलाला जेवण आणि चहापाण्यापुरते पैसे देऊन ठेवतात. कला हातात येते हे खरं, आणि अनेक कसबी कारागीर असेच घडले हेही खरं. पण १९६१ च्या कायद्याचा शिकाऊ उमेदवार म्हणजे नोंदवलेला करार, ठरलेलं विद्यावेतन आणि त्या आस्थापनेत लागू असलेली रजा. करार नसेल तर तो मुलगा कामगारच, आणि केस झाडण्यापासून दाढीचा साबण लावण्यापर्यंत त्याने केलेल्या प्रत्येक कामाचा त्याला रोज मिळायला हवा.

आता रजा. मुंबई प्रांताने १९३९ साली दुकानं आणि आस्थापनांसाठी देशातला पहिला कायदा केला, १९४८ साली तो नव्याने केला, आणि आज महाराष्ट्रात १९ डिसेंबर २०१७ पासून लागू झालेला अधिनियम आहे. त्यात जे दिलं आहे ते चांगलं आहे. आठवड्यातून सलग २४ तासांची सुट्टी. वर्षाला आठ दिवस नैमित्तिक रजा. आठ भरपगारी सणाच्या सुट्ट्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि मालक-कामगारांनी मिळून ठरवलेल्या आणखी चार. वर्षात २४० दिवस काम केलं की दर २० दिवसांमागे एक दिवस अर्जित रजा, जी ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. केंद्राच्या नव्या संहितेत ही २४० दिवसांची अट १८० वर आणली आहे. दर सहा-आठ महिन्यांनी जागा बदलणाऱ्या वेटरच्या दृष्टीने ही सवलत मोठी आहे.

पण २०१७ च्या अधिनियमाच्या या तरतुदी दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच लागू केल्या गेल्या. त्याखालच्यांनी फक्त आपला धंदा असल्याची सूचना सरकारला द्यायची. १९४८ च्या जुन्या कायद्यात अशी डोकी मोजायची अट नव्हती. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा दहावरून वीसवर न्यायला मंजुरी दिली. आपल्या गल्लीतली दुकानं डोळ्यांसमोर आणून मोजा: किराणा दोन माणसं, सलून तीन, झेरॉक्सवाला एक, मेडिकल दोन, वडापावची गाडी तीन, उडप्याचं हॉटेल बारा. ज्याचा पगार सर्वांत कमी तो सहसा सर्वांत छोट्या जागेवर असतो, आणि रजेचा कायदा सुरू होतो तो बाराच्याही पुढे, विसाला.

छोट्या मालकाची बाजू खोटी नाही. दोन माणसांवर चालणाऱ्या सलूनमधला एक जण पंधरा दिवस गावी गेला तर अर्ध्या खुर्च्या रिकाम्या राहतात. त्याला बदली माणूस शोधावा लागतो आणि दोघांचा पगार द्यावा लागतो. पण मग बोजा किती आहे, ते तरी मोजायला हवं. वर्षाच्या ३६५ दिवसांतून ५२ साप्ताहिक सुट्ट्या काढल्या की ३१३ उरतात. आठ सणाच्या, आठ नैमित्तिक आणि चौदा अर्जित मिळून तीस दिवसांची रजा धरली, तर प्रत्यक्ष काम होतं २८३ दिवस. २८३ मागे ३०, म्हणजे केलेल्या कामाच्या दर शंभर रुपयांमागे दहा रुपये साठ पैसे. ब्रिटनच्या १२.०७ शी ताडून पाहा, आपला आकडा थोडा कमीच आहे. धंदा बुडवणारी ही रक्कम नव्हे. एकरकमी अंगावर येते म्हणून ती जड वाटते.

सरकारला माणसं न मोजता भरपगारी सुट्टी देता येते, याचं उदाहरणही आपल्याकडे आहे. मतदानाचा दिवस. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५ ब प्रमाणे धंद्यात, दुकानात, कुठल्याही आस्थापनेत काम करणाऱ्या मतदाराला त्या दिवशी सुट्टी आहे आणि रोजंदारीवाल्यालाही त्या दिवसाचा रोज द्यावा लागतो. तीन माणसांची टपरी आणि तीन हजारांचा कारखाना यांच्यात तिथे फरक केलेला नाही. पाच वर्षांतून काही दिवसांपुरतं जे जमतं ते एरवी का जमू नये, याचं पटेल असं उत्तर मला कुणाकडून मिळालेलं नाही.

रजा नसल्याची किंमत पगाराच्या वहीपुरती राहत नाही. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात, मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतात आणि फडावर जातात. तिथे खाडा म्हणजे त्या दिवसाची कमाई तर गेलीच, वर दंड. तो उचलीच्या खात्यावर चढतो आणि पुढच्या हंगामालाही माणूस बांधला जातो. पाळीच्या दुखण्याने, सततच्या अंगावरून जाण्याने खाडा पडू नये म्हणून बीड जिल्ह्यातल्या कितीतरी तरण्या बायकांनी गर्भाशय काढून टाकल्याचं उघड झालं, तेव्हा २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. खासगी डॉक्टरांचा लोभ, अडाणीपणा, लवकर लग्नं अशी कारणं पुष्कळ सांगितली गेली आणि तीही खरी आहेत. पण महिन्याला दोन दिवसांची भरपगारी विश्रांती त्या बाईच्या हक्काची असती, तर ती शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत गेली असती का, हा प्रश्न उरतोच.

घरकामात मालकही एक नसतो. धुणं एका घरी, भांडी दोन घरी, पोळ्या चौथ्या घरी. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी आपणहून संप केला, त्यातून संघटना उभी राहिली, आणि पगाराबरोबर सुट्टीचा प्रश्न त्यांनी पहिल्यापासून लावून धरला. पण चार घरांतल्या चौघी बायका चार वेगवेगळ्या दिवशी सुट्टी द्यायला तयार झाल्या, तर तिला एकही पुरा दिवस मिळत नाही.

अनेक मालक आणि एक कामगार हे कोडं महाराष्ट्राने एकदा सोडवलेलं आहे. १९६९ चा माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा. बाजारात पाठीवर पोती वाहणाऱ्या हमालाला कोण रजा देणार? सकाळी एका व्यापाऱ्याचा ट्रक, दुपारी दुसऱ्याचं गोदाम. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईत आणि बाबा आढावांनी पुण्यात या माणसांना संघटित केलं, आणि त्या रेट्यातून जी व्यवस्था झाली ती अशी: सरकार, व्यापारी आणि कामगार यांचं मिळून एक मंडळ. व्यापारी मजुरी आणि तिच्यावर ठरलेल्या टक्क्यांची लेव्ही मंडळात भरतो. मंडळ महिन्याच्या महिन्याला हमालाला मजुरी देतं आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, बोनस, ग्रॅच्युइटी, औषधपाणी आणि रजेचा पगार भागवतं. या व्यवस्थेत कुठल्याही एका व्यापाऱ्याकडे दहा माणसं असावी लागत नाहीत. १९८१ मध्ये खासगी सुरक्षारक्षकांसाठी अशीच मंडळं उभी करणारा कायदा झाला. माथाडी मंडळांच्या कारभारात दोष शिरले, नावाला माथाडी आणि कामाला खंडणीखोर अशा टोळ्यांनीही या व्यवस्थेची बदनामी केली. ते आवरलंच पाहिजे. तरीही माणसं मोजण्याऐवजी मजुरी मोजायची ही मूळ कल्पना पन्नास वर्षांहून जास्त काळ चालून दाखवलेली आहे.

सलून, छोटी हॉटेलं, किराणा या धंद्यांना ती लावायची तर नोंदणीपासून सुरुवात करावी लागेल आणि त्याला वेळ जाईल. घरकामात मात्र ती आज सुरू करता येईल. २००८ च्या कायद्याने घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळ झालेलं आहे, त्याच्याकडे बायकांची नोंदणी होते. त्या मंडळाचं काम आजवर मदतीच्या योजनांपुरतं राहिलं. रजेचं खातं त्याच्याकडे दिलेलं नाही. ते द्यावं. प्रत्येक घराने पगार बाईच्या हातात द्यावा आणि त्यावर दर शंभराला अकरा रुपये मंडळात भरावेत. चार घरं मिळून दहा हजार रुपये देत असतील तर महिन्याला अकराशे, वर्षाला तेरा हजार दोनशे. वर्षभरात ती तीस दिवस गावी गेली, आजारी पडली किंवा नुसती घरी बसली, तरी त्या महिन्याचा पगार तिच्याच नावावर आधी जमा असेल.